गाठोडं आधी निघालं, मी मागून

पिंप्राळ्याहून सकाळी सहाला रिक्षात बसलो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती आणि एक गाठोडं. पिशवीत टॉवेल, बीपीच्या गोळ्या, पाण्याची बाटली. गाठोड्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं. ते माझ्या बायकोचं, इंदूचं होतं. ती कार्तिकात गेली. गाठोडं त्याच्याही आधी, दसऱ्याला, घरातून निघालेलं होतं.

हे आधी नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या जुन्या बायकांत पस्ताना ठेवायची रीत आहे (पस्ताना म्हणजे प्रस्थान). गावाला जायचं आहे, मुहूर्त आज आहे, पण आज निघणं जमत नाही. मग ज्याला जायचं त्याचं एखादं कापड घ्यायचं, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं आणि ते गाठोडं मुहूर्तावर उंबऱ्याबाहेर काढून शेजारी ठेवायचं. झालं. माणूस निघाला असं धरतात. पाच-सात दिवसांत तो खरंच निघतो, शेजारून गाठोडं उचलतो आणि तसाच वाटेला लागतो. ते परत घरात आणत नाहीत. आणि पोचेपर्यंत त्याची गाठ सोडत नाहीत.

माघ संपत आला होता. आमच्या शेजारच्या सुमनवहिनी लेकाकडे नाशिकला राहायला चालल्या होत्या. सामानाचा टेम्पो दारात उभा. त्या फाटकाशी आल्या, हातात हे गाठोडं. इंदूच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मी लगेच ओळखला.

"नाना, हे तुमच्या बाईचं. दसऱ्याला माझ्याकडे ठेवलं होतं. सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. पण मी आता चालली, हे कुठे ठेवू?"

"कुठे निघाली होती ती?"

"अक्काकडे. दुसरं कुठे जाणार?"

मी हात पुढे केला तशा त्या म्हणाल्या, "घरात नेऊ नका हां." आणि टेम्पोत बसून गेल्या. मी गाठोडं घेऊन माझ्याच दारात उभा राहिलो. असल्या गोष्टी मी आयुष्यभर मानल्या नाहीत. इंदू असती तर मी ते तिच्यासमोर मुद्दाम घरात फेकलं असतं. ती नव्हती, म्हणून पाय उचलेना. गाठोडं ओट्यावरच्या खिळ्याला टांगलं. चार दिवस टांगलेलं होतं. जाता-येता दिसायचं. पाचव्या दिवशी निघालो.

आता अक्का कोण, ते. अक्का म्हणजे इंदूची थोरली बहीण. साक्री रस्त्याला, नेरच्या पुढे आत तिचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. इंदू गेली तेव्हा मी अक्काला कळवलं नाही. सगळ्या गणगोताला फोन गेले, तिला गेला नाही. मुलीनं सुरतेहून आल्यावर विचारलं, "मावशीला सांगितलं ना?" मी म्हणालो, "हो." ते खोटं होतं. दहाव्याच्या दिवशी मुलीला कळलं, तिनं फोन केला. पलीकडून अक्का एवढंच म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. ती दहाव्याला आली नाही, तेराव्याला आली नाही. बहिणीचं शेवटचं तोंड तिला माझ्यामुळे दिसलं नाही. हे गाठोडं ती हातात घेईल की मला दारातूनच हाकलेल, हे मला ठाऊक नव्हतं. हाकललं असतं तर गाठोडं ना तिकडचं, ना इकडचं. इंदू कायमची वाटेत राहिली असती.

जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली होती. पुढून तिसऱ्या बाकावर बसलो आणि गाठोडं शेजारच्या सीटवर ठेवलं. कंडक्टर आला.

"आबा, कार्ड."

ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड दाखवलं. त्यानं अर्धं तिकीट फाडलं. "आणि ही सीट कोणाची?"

"कोणाची नाही."

"मग सामान खाली घ्या ना."

बायकांनाही आता अर्धंच तिकीट आहे. इंदू बरोबर असती तर माझं अर्धं, तिचं अर्धं, दोघं मिळून एक माणूस झालो असतो. मी अर्धाच चाललो होतो. गाठोडं मांडीवर घेतलं.

गाडी गावाबाहेर पडली. पाइपांचे ढीग मागे गेले, डाळमिलींची धुराडी मागे गेली. त्यातल्या एका मिलमध्ये मी चौतीस वर्षं काढली. तूर, हरभरा, उडीद. आधी पोती वाहिली, मग चाळणीवर उभा राहिलो, शेवटची पंधरा वर्षं माल पारखायला. मूठभर डाळ तळहातावर पसरली की कोणत्या गावची, किती ओलीची, त्यात खडा किती, सगळं सांगायचो. मालक म्हणायचा, तुझ्या डोळ्यात चाळणी आहे. ह्या डोळ्यानंच पुढे घात केला, ते ओघानं सांगीन.

पाळधीच्या पुढे कपाशीच्या पळाट्या (कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं) उपटून ढीग घातलेले दिसत होते. गहू पिवळा पडत चाललेला. इंदूला बसमध्ये खिडकी लागायची आणि खिडकी मिळाली की ती गोष्ट सांगायची. मुलगी लहान होती तेव्हा मुलीला, नंतर मलाच. शाळा तिची दुसरी-तिसरीच. पण गोष्टी पोत्यानं. मी ऐकत नाहीसं दाखवून ऐकायचो. ती म्हणायची, "राजा ऱ्हास तो ऱ्हास. पोऱ्या घरना भाईर निंघना का मंग गोष्ट." (राजा असतो तो असतो, पोरगा घराबाहेर निघाला की मगच गोष्ट.) मी मूळचा मुक्ताईनगरकडचा, केळीच्या पट्ट्यातला. आमची बोली वेगळी. तिच्या अहिराणी 'शे' (आहे) आणि 'ऱ्हास'ला मी पन्नास वर्षं हसलो. लोकांसमोर नक्कल करायचो. लोक हसायचे. तीही हसायची. आता वाटतं, ती हसायची की नुसते दात दाखवायची?

तिच्या सगळ्या गोष्टींत निघणं सारखंच असे. कोणी हौसेनं निघत नाही. नावडतीच्या पोराला हाकलून देतात. धाकट्या राजपुत्राला बाप म्हणतो, जा, तुझं तोंड पाहायचं नाही. वनवासाला जाणारा काय आपल्या मनानं जातो? कोणीतरी ढकलल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही माणूस. मग कोणीतरी शिदोरी बांधून देते. आई, मावशी, नाहीतर नावडती राणी. मग गावची शीव. शिवेवर एक म्हातारी बसलेली असते. ती काहीतरी मागते. थोरले दोन राजपुत्र तिला हाडहूड करतात, त्यांचे दगड होतात. धाकटा पाणी पाजतो, त्याला वाट सापडते.

मी एकदा तिला विचारलं होतं, "सगळे निघणारे पोरंच कसे? म्हातारा कोणी निघत नाही?"

ती म्हणाली, "म्हाताराले कोन ढकली?" (म्हाताऱ्याला कोण ढकलणार?)

एरंडोलला गाडी दहा मिनिटं थांबली. चहा घेतला. साखरेचा पाक नुसता. पारोळ्याला गर्दी चढली आणि एक म्हातारी माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली. हातात मेथीच्या जुड्या, कपाळावर गोंदण.

"सरका ना भाऊ."

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. "मागे जागा आहे," असं म्हणालो. तोंडातून गेलं आणि मला थोरले राजपुत्र आठवले. हसू आलं. त्र्याहत्तराव्या वर्षी दगड होण्याची भीती. खिडकी सोडून सरकलो. ती बसली, जुड्या पायाशी ठेवल्या आणि माझ्या मांडीकडे बघितलं.

"पस्ताना शे ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाठ दखीसन. (गाठ बघून.) आमनी माय अशीच बांधे. कोना शे?"

"बायकोचं."

"मंग ती कोठे शे?"

"गेली."

तिनं पदर डोक्यावर नीट केला. मग म्हणाली, "द्या मना मांडीवर. (द्या माझ्या मांडीवर.)" तिनं गाठोडं घेतलं, हातानं तोललं. "एक बाईना कपडा इतला जड ऱ्हास का?" (एका बाईचं कापड एवढं जड असतं का?)

मला काय माहीत. मी म्हणालो, "तांदूळ जास्त घातले असतील. हात सढळ होता तिचा."

ती मुकटीला उतरली. जाताना गाठोडं माझ्या हातात दिलं आणि एक मेथीची जुडी वर ठेवली. "रिकामा हातनं बहीनना घर जाऊ नही," म्हणाली. बहिणीकडे चाललोय हे मी सांगितलंही नव्हतं. धुळं येईपर्यंत मी इंदूच्या 'शे'ची वाट पाहत मागे वळून बघत होतो. ती नव्हती हे माहीत असून. गाडीत आणखी दोन-तीन बायका तसंच बोलत होत्या. मी ऐकत राहिलो. काय बोलत होत्या ते नाही, नुसता आवाज.

धुळ्याला साडेनऊला उतरलो. साक्रीची गाडी डोळ्यांसमोर निघून गेली. हात केला, पळालो, ड्रायव्हरनं आरशात बघून न बघितल्यासारखं केलं. पुढची गाडी तासाभरानं. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत तमाशाचा वग बघायचो, त्यात राजपुत्र निघाला की स्टेजवरच तीन फेऱ्या मारायचा आणि म्हणायचा, आलो बरं का दुसऱ्या राज्यात. ढोलकीवाला मान डोलवायचा आणि राज्य बदलायचं. मी स्टँडला तीन फेऱ्या मारल्या. राज्य काही बदललं नाही. तीच केळीवाली, तोच मोबाइलची कव्हरं विकणारा.

भूक लागली होती. स्टँडबाहेर एका खानावळीत गेलो. वरण, पोळी, शेवभाजी आणि वर ठेचा. शेवभाजीचा रस्सा लालभडक, पहिल्या घासाला कानातून वाफ. वरणात चमचा घातला आणि सवयीनं डाळ जिभेवर तपासली. जुनी डाळ, तेल लावून चमकवलेली. वाढणाऱ्याला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. डाळीविषयी मी एकदा तोंड उघडलं होतं, तेवढं पुरे झालं.

पैसे देऊन स्टँडवर आलो. गाडी लागली. पाय वर टाकला आणि मांडीवर ठेवायला काही नाही.

तुम्हाला सांगतो, इंदूला स्मशानात नेलं त्या दिवशी मी रडलो नव्हतो. त्या दिवशी सगळं लोकच करत होते, मी बसून होतो. धुळ्याच्या रस्त्यावर मात्र मी पळालो आणि तोंडातून आवाज निघत होता. रिक्षावाले बाजूला झाले. खानावळीत खुर्ची रिकामी. वाढणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि बाहेर बोट केलं. दाराशेजारी खिळ्याला गाठोडं टांगलेलं, वर मेथीची जुडी.

"आबा, देवाचं दिसलं. आत उष्टं-खरकटं, म्हणून बाहेर ठेवलं. काय, दूर जायचंय का?"

"नेरच्या पुढे."

"मग पाणी प्या आधी. मरशाल वाटेत."

मी पाणी प्यालो. हा माणूस तीन-चार तासांच्या प्रवासात मला पाणी विचारणारा पहिलाच. हे लक्षात ठेवा, कारण पुढे पाण्याचं निघणार आहे.

साक्रीची गाडी अजून उभीच होती, खिडकीशी बसलो. कुसुंबा गेलं, नेर गेलं. पांझरेचं पाणी आटून मध्ये एक धार उरलेली, कडेनं कांद्याचे हिरवे वाफे. डोंगर दूरवर करड्या रंगाचे. इंदू लग्न होऊन ह्याच रस्त्यानं आली होती, तेव्हा ट्रक होता आणि वर आम्ही वऱ्हाडी. तिला वाटेत उलटी झाली होती आणि मी तोंड फिरवून बसलो होतो, मित्र हसतील म्हणून.

फाट्यावर उतरलो. गाव आत दीड कोस. टमटम भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरायला माणसं नव्हती. चालत निघालो. दुपारचं बारा-साडेबाराचं ऊन. शेतात हरभरा घाट्यावर आलेला. एका शेताच्या बांधावर लोक ओला हरभरा भाजत होते, त्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. त्यांनी हात केला, "या आबा, खा!" मी हात हलवून पुढे गेलो. तिथे बसलो असतो तर उठलो नसतो.

चालताना ते लग्न आठवत होतं. आता ते सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी मुलीचं लग्न. पंगतीच्या वरणाची डाळ अक्काकडून येणार असं इंदूनं ठरवलं. अक्काच्या शेतातली तूर. तिनं ती घरी भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून डाळ केली. मावशीची डाळ भाचीच्या लग्नात. दोन पोती घेऊन ती आदल्या दिवशी आली. आचारी बसलेले, मिलमधले लोक आलेले, मालकही आलेला. मी पोत्यात हात घातला, मूठ काढली, तळहातावर पसरली. एक खडा सापडला. मी तो चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. म्हणालो, "ही पंगतीला चालणार नाही. लोकांचे दात मोडायचेत का?" मालक हसला. मी मिलमधून डाळ मागवली. अक्काची पोती मागच्या खोलीत गेली. अक्का अक्षता टाकून, न जेवता, पोती परत घेऊन गेली.

त्यानंतर ती आली नाही. तिचा नवरा गेला तेव्हा इंदू एकटी जाऊन आली. मी गेलो नाही. इंदू दर वर्षी म्हणायची, "एकदा चला ना अक्काकडे." मी म्हणायचो, "बघू." दसऱ्याला सकाळीही तिनं तेच काढलं. मी चिडलेलो होतो, कारण माझा बारीक निळ्या रेघांचा सदरा सापडत नव्हता. बाहेरगावी जायचा तोच एक. मी म्हणालो, "आधी सदरा शोध. बोहारणीला दिलास ना भांड्यावर? तुला कवडीची अक्कल नाही." ती शांतपणे म्हणाली, "सापडी जाई. काय घाई शे?" दसऱ्यानंतर आठ दिवसांनी तिला दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी आली नाही.

अक्काचं घर गावाच्या टोकाला. पत्र्याची पडवी, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. अक्का पडवीत पाय पसरून बसली होती. समोर सूप, सुपात तुरीची डाळ. मला बघून तिचे हात थांबले. मग परत चालू झाले.

मी अंगणात उभा राहिलो. आमच्या खानदेशात दारात वैरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. आला नाही. मी चप्पल काढू की नको, ह्यात उभा होतो.

"अक्का," मी म्हणालो.

"कोन शे?"

तिला दिसत होतं कोण आहे ते. "मी."

"बठा." (बसा.)

पडवीच्या कडेला बसलो. गाठोडं मांडीवर. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"माले काबरं नही सांगं?" (मला का नाही सांगितलं?)

वाटेत चार उत्तरं तयार करून ठेवली होती. गडबडीत राहिलं, नंबर सापडला नाही, मुलगी करेल असं वाटलं, भानावर नव्हतो. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"तू येशील आणि चार लोकांत मला बोलशील, ह्याला घाबरलो."

"मनी बहीन व्हती ती. शेवटलं तोंड बी नही दखं मी." (शेवटचं तोंडसुद्धा पाहिलं नाही मी.) आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "आते तुमी मरशात तं दहावाना दिनलेच कळाडशात का?" (आता तुम्ही मराल तेव्हाही दहाव्यालाच कळवाल का?)

तिनं सूप माझ्याकडे सरकवलं.

"तुमले खडा चांगला दखास ना? ल्या, निवडा. मना डोया गयात." (तुम्हाला खडा चांगला दिसतो ना? घ्या, निवडा. माझे डोळे गेले.)

गाठोडं बाजूला पडवीवर ठेवलं आणि सूप मांडीवर घेतलं. चौतीस वर्षं ज्या कामाचे पैसे घेतले तेच काम. डाळ पसरली, बोटानं ओढत गेलो. सोन्यासारखी डाळ. जात्यावरची, कडा थोड्या खडबडीत, पण दाणा भरलेला. एक सूप झालं. तिनं दुसरं भरून दिलं. दुसरं झालं, तिसरं दिलं. तिन्ही सुपांत एकही खडा नव्हता. तिचे डोळे गेलेले नव्हते.

"अक्का," मी खाली बघून म्हणालो, "लग्नात एकच खडा होता. दोन पोत्यांत एकच हाती लागला. तो मी सगळ्यांना दाखवला. मालक बघत होता ना. त्याला दाखवायचं होतं, मला किती कळतं ते."

"माले म्हाईत शे," अक्का म्हणाली. "इंदूले बी म्हाईत व्हतं." (इंदूलाही माहीत होतं.)

हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं तिला माहीत होतं आणि ती "एकदा चला ना" म्हणत राहिली.

अक्का उठली, आत गेली. आली तेव्हा हातात तांब्या होता. माझ्यासमोर ठेवला. मी घटाघटा प्यालो, निम्मं सदऱ्यावर सांडलं. मग तिनं गाठोडं ओढून घेतलं. गाठीवर बोट फिरवलं, बहिणीची गाठ ओळखली असावी. सोडायला तिला वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला तर हातावर चापट मारली.

आत तांदूळ, सुपारी, हळकुंड. दोन सुपाऱ्या. दोन हळकुंडं. इंदूची हिरवी चोळी, घडी घातलेली. आणि तिच्याखाली माझा बारीक निळ्या रेघांचा सदरा.

मी सदऱ्याकडे बघत बसलो. बोहारीण आठवली. "तुला कवडीची अक्कल नाही," हे माझंच आठवलं. पस्तान्यात ज्याला जायचं त्याचंच कापड ठेवतात, हे तुम्हाला वर सांगितलंच आहे. अक्का कितीतरी वेळ चोळीवरून हात फिरवत होती. मग तिला हुंदका आला आणि त्या हुंदक्यातच ती हसली.

"दखा पाव्हना. तिनी तुमले दसराले ढकलं. तुमी पोचनात आते." (बघा पाहुणे, तिनं तुम्हाला दसऱ्याला ढकललं. तुम्ही पोचलात आता.)

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), मेथीची भाजी आणि वरण. त्याच डाळीचं. ताटावर बसलो तेव्हा अक्कानं खडा सापडला का विचारलं नाही आणि मी चव सांगितली नाही. दोनदा वाढून घेतलं. ती रात्र तिथेच राहिलो.

सकाळी निघताना तिनं सदरा पुढे केला. "घाला. हाऊ घालीसनच जा. (हा घालूनच जा.)" चार महिन्यांच्या घड्या पडलेल्या, हळदीचा एक डाग खिशावर. घातला. चोळी तिनं ठेवून घेतली. मला फडक्यात दोन भाकरी, ठेचा आणि पायलीभर डाळ बांधून दिली. शिदोरी. गोष्टीत ती निघताना मिळते. मला परत येताना मिळाली.

"पोचना का फोन करज्यात," म्हणाली. (पोचलात की फोन करा.)

परतीची वाट सांगण्यासारखी नाही. धुळ्याला गाडी लगेच मिळाली, पारोळ्याला कोणी म्हातारी चढली नाही. खिडकीशी बसलो होतो, शेजारी कोणीही नव्हतं आणि मांडीवर ठेवायलाही काही नव्हतं. डाळ पायाशी होती. इंदूच्या गोष्टींत परत येणं एका ओळीत संपायचं. आला, सगळ्यांना आनंद झाला, सुखानं नांदले. मी तिला म्हणायचो, एवढं निघणं लांबवतेस आणि येणं उरकतेस? आता कळतं. येणाऱ्याचं सांगण्यासारखं काही नसतं, कारण दारात कोणीतरी असतं. दारात कोणी नसलं तर काय करायचं, ते कोणत्याच गोष्टीत सांगितलेलं नाही.

दुपारी दोनला पिंप्राळ्यात उतरलो. सुमनवहिनींच्या फाटकाला कुलूप, आत पानं पडलेली. माझ्या दाराशी थांबलो. गावाहून आलो की इंदू भाकरीचा तुकडा आणि पाणी माझ्यावरून ओवाळून टाकायची, मगच आत घ्यायची. मी वैतागायचो. आज अक्काच्या भाकरीचा तुकडा मोडला, बाटलीतलं पाणी घेतलं आणि स्वतःच स्वतःवरून फिरवलं. स्वतःला ओवाळता येत नाही नीट. हात मागे जात नाही. जेवढं जमलं तेवढं केलं आणि तुकडा रस्त्याच्या कडेला टाकला.

मग आत गेलो नाही, ओट्यावर बसलो. वर खिळा रिकामा होता. मोबाइल काढला. अक्काचा नंबर मुलीनं दहाव्यालाच त्यात घालून दिला होता. मी तो आजवर कधी दाबला नव्हता.

"अक्का, पोचलो."

"कोन?"

"मी."

"मी कोन? काही नाव-गाव शे का नही?"

माझं नाव सांगायला तोंड उघडलं.

"इंदूचा नवरा," मी म्हणालो.

पलीकडे सुपात डाळ पाखडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"बरं करं," अक्का म्हणाली, "सांगं ते." (बरं केलं, सांगितलं ते.)